तारमास्तराची बायको, पान दोनशे सात

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपारी १२

आजपासून रोजनिशी. घरात शांतता आहे, आणि शांततेचा माणसाने उपयोग करून घ्यावा.

दुकान बंद. एरवी मी लोकांना चष्मे करून देतो, गेली एकतीस वर्षं. गावात चाळिशीनंतर जे कोणी वाचतंय ते माझ्या कृपेने वाचतंय असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

ही लेकीकडे आहे. लेकीचा पाय मोडला म्हणून जुलैत पंधरा दिवसांसाठी गेली. प्लास्टर ऑगस्टमध्ये निघालं. पण पाय काही असा एकदम बरा होत नसतो. हाडाचं काम.

लेकीने नवी टूम काढलीय. दर रविवारी अकराला सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर जमायचं आणि आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं. आज पहिला. हिचे थोरले भाऊ कॉलेजात शिकवायचे, घरात त्यांना सगळे प्रोफेसरच म्हणतात. ते बावीस मिनिटं बोलले. जावई झोपेवरच्या कुठल्याशा पुस्तकाबद्दल बोलला आणि बोलता बोलता दोनदा जांभई दिली. लेक मध्येच स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढत होती. जपायला हवं तिने. पाय अजून कच्चा आहे.

मग म्हणाली, बाबा, तू काय वाचतोयस? मी इकडेतिकडे पाहिलं. हिच्या उशाशी एक जाडजूड कादंबरी राहून गेलीय, 'तारमास्तराची बायको'. म्हटलं, ही. मागे ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, खरंच? तीन महिन्यांत हिने माझ्याकडे सरळ पाहिलं ते आज.

संकल्प: रोज पन्नास पानं. एकूण सातशे बारा. पंधरवड्यात खलास. नवरा वाचतोय म्हटल्यावर ही तिकडे कशाला थांबेल?

सोमवार, ६ ऑक्टोबर

पान ३. सुरुवात दमदार. तारमास्तर तार ऑफिसात बसलाय, यंत्र टकटक करतंय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पान ५. मग परत पान ३, कारण कोण कोणाचं कोण ते विसरलो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पान ५. अक्षरं पुसट दिसतात. नंबर बदलला असणार. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासले, स्वतःकडे पाहायला सवड मिळाली नाही. उद्या तपासणार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तपासले. नंबर तोच. डोळे उत्तम. म्हणजे दोष छपाईचा.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पान ११. उद्या रविवार. नुसतं चाळत बसलो, आणि काय सापडावं! हिने जागोजागी पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्यात. सातशे बारा पानांतलं महत्त्वाचं ते एका बाईने आधीच गाळून ठेवलंय. सगळं मिळून चार पानं होतील. वहीत उतरवून घेतलं. मॅट्रिकला असाच पास झालो होतो. चांगल्या मार्कांनी.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी

यश! तीन वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली.

एक: तो साऱ्या गावाचे निरोप ऐकायचा, आणि घरी येईपर्यंत त्याचे कान संपलेले असायचे.

दोन: तिने बोलणं कधी थांबवलं ते त्याला कळलं नाही, कारण घरात आवाज तेवढाच होता, भांड्यांचा.

तीन: एकटंच राहायचं तर कोणाबरोबर कशाला राहायचं?

म्हटलं, भाषा बघा किती सोपी आहे. प्रोफेसरसुद्धा गप्प. लेक म्हणाली, बाबा, ही वाक्यं तू निवडलीस? म्हटलं, मी कसली निवडतोय, त्यांनीच मला निवडलं. हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. ही उठून आत गेली ती आलीच नाही.

साहित्याचा परिणाम. मी स्वतः एवढा हललो नव्हतो.

बुधवार, १५ ऑक्टोबर

संध्याकाळी समोरच्या मास्तरीणबाई घरी आल्या. चष्म्याची काडी सैल झाली होती. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आठवड्याला तीन पुस्तकं संपवतात, त्यामुळे नाकावर कायम खुणा. स्क्रू बसवेपर्यंत विचारलं, सध्या काय वाचन? मी तिसरं वाक्य ऐकवलं. त्यांनी विचारलं, हे कोण कोणाला म्हणतं? म्हटलं, लेखिका वाचकाला. त्या म्हणाल्या, मागचं पान वाचलंत का? म्हटलं, वेळ कुठाय.

चष्मा चढवून त्यांनी घरभर नजर फिरवली. सिंकमध्ये एक कप. खुर्चीवर आठवड्याचे कपडे. म्हणाल्या, वहिनींना जाऊन बरेच दिवस झाले, नाही? म्हटलं, पाय. त्या म्हणाल्या, हो, पाय.

गॅलरीत झाडाची पानं येऊन पडतायत. ही असताना पडत नव्हती. म्हणजे पडत असतील, ही झाडत असेल. संकल्प: उद्या झाडणार.

शनिवार, १८ ऑक्टोबर

झाडलं नाही. वाऱ्याने निम्मी आपोआप गेली. घाईने केलेली कामं अशी वाया जातात.

उद्यासाठी नवी चार वाक्यं पाठ.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२.१५

पहिली दोन वाक्यं उत्तम झाली. मग प्रोफेसरांना काय अवदसा आठवली, त्यांनी विचारलं, ती बायको शेवटी त्याला सोडून जाते का हो? मी म्हटलं, छे! कुठे जाणार? चांगलं घर आहे, नवरा निर्व्यसनी आहे.

ही म्हणाली, अहो, ती पान दोनशे सातवर जाते. पुढची पाचशे पानं तिची एकटीचीच आहेत.

कोणी हललं नाही. मला वाटलं, कॉल अडकला. म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. ही म्हणाली, आवृत्ती माझीच आहे. पेन्सिलही माझीच.

मग नेटवर्क गेलं. म्हणजे तिकडचं. माझ्याकडे चारही काड्या उभ्या होत्या.

संध्याकाळी ५

पुस्तक कपाटावर फेकलं. चारचौघांत नवऱ्याचं असं हसं करायचं? आता ही आणि हिचा तो तारवाला.

संध्याकाळी ६.३०

स्टूल घेऊन खाली काढलं. पान दोनशे सात आहे तरी का, एवढंच पाहायला. आहे. पण मुद्दाम वाचलं नाही. वाचणार तर पहिल्यापासून. आमच्यात अर्धवट काम नसतं.

सोमवार, २० ऑक्टोबर

पान ३४. खरंखुरं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पान ९०. दुकानात काउंटरखाली धरून वाचत होतो. एका म्हाताऱ्याला चुकून भलत्याच बाईचा चष्मा घातला. तो म्हणाला, छान दिसतंय. गेला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पान १५२. तारमास्तर वाईट माणूस नाही. लेखिका त्याच्यावर उगाच खार खाऊन आहे. दारू नाही, आरडाओरडा नाही, वेळेवर घरी येतो. बायको काही बोलली की फक्त 'हं' म्हणतो. हं म्हणणं हा काय गुन्हा झाला? उत्तर तर देतोय बिचारा.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पान २०७. ती जाते.

सकाळची वेळ. दारात उभी राहून ती त्याला काहीतरी सांगते. तो यंत्रावर वाकलेला. हं म्हणतो. ती काय म्हणाली ते लेखिकेने लिहिलेलंच नाही. मागची दोन पानं पाहिली, पुढची दोन पाहिली. नाहीच. त्याला ऐकू आलं नाही म्हणून आपल्यालाही नाही. संध्याकाळी चूल थंड दिसते तेव्हा त्याला कळतं.

जुलैत ही निघाली तेव्हा मी टेबलाशी एक रिमलेस फ्रेम जुळवत होतो. फार नाजूक काम. स्क्रू खाली पडला की गेलाच. ही बॅग घेऊन दारात उभी होती. काहीतरी म्हणाली. बरंच काही म्हणाली. मी हं म्हणालो.

काय म्हणाली?

आज दुकानात दिवसभर आठवत होतो. गॅसचं असेल? दुधाचं? नाही, वाक्य मोठं होतं. शेवटी आवाज वर गेला होता. म्हणजे प्रश्न असावा.

प्रश्नाला मी हं म्हणालो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

ठरलं. उद्या हिला सरळ विचारायचं. पाठ केलेलं एकही वाक्य म्हणायचं नाही. आणि ही बोलायला लागली की हं म्हणायचं नाही. काही झालं तरी.

सरावासाठी रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या लावल्या. अकरा वेळा हं म्हणालो, त्यातले दोन हवामानाला. दुपारच्या बातम्यांना चार. संध्याकाळच्या बातम्या ओठ दाबून ऐकल्या. एकदाही नाही! जगात इतकं काय काय चाललंय याची कल्पना नव्हती.

रविवार, २६ ऑक्टोबर. सकाळी १०.४०

पान २३०. तिने नवीन गावात शिवणाचं दुकान थाटलंय. मला वाटलं होतं तिचे हाल होतील. होत नाहीयेत.

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. गॅलरी झाडली, फोनच्या मागे दिसते म्हणून. ऊन छान आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. रविवारी लोक आपापल्या घरात काय करतात कोण जाणे.

११.००

कॉलवर हजर. मी पहिला.

११.१५

अजून मीच. पडद्यावर माझा एकट्याचा चेहरा. एवढा वेळ स्वतःकडे कधी पाहिलं नव्हतं. चष्मा वाकडा बसलाय. धंदा चष्म्याचा, आणि मला कोणी सांगितलं नाही.

११.३०

लेकीचा फोन आला. म्हणाली, अरे बाबा, तुला कळवायचं राहिलंच. तो कॉल आपण बंद केला. मामा फारच बोलतात. आणि आई रविवारी इथल्या लायब्ररीत जाते, तिथे बायका जमून वाचतात. आज तिची पाळी आहे, ती सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. आल्यावर तुला फोन करायला सांगते.

म्हटलं, बरं. पाय कसा आहे?

लेक म्हणाली, कोणाचा?

दुपारी २

टोस्ट. पान २४१. शर्ट काढला नाही. फोन आला तर दिसणार नाही म्हणा, पण शर्टात आवाज नीट येतो.

संध्याकाळी ५.२०

हिचा फोन आला होता. साधाच, चेहरा नसलेला.

मी सरळ विचारलं. तू निघालीस त्या दिवशी दारात मला काय म्हणालीस?

ही म्हणाली, आज कसं आठवलं? म्हटलं, पान दोनशे सात. खरंच वाचलं, पहिल्यापासून. ही हसली. हिचं हसणं मी दुसऱ्या खोलीतून पुष्कळदा ऐकलंय. कानाशी आज.

म्हणाली, सांगते. पण आधी मी आज काय वाचलं ते ऐका.

आणि बोलत राहिली. साठाव्या वर्षी पोहायला शिकणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. पहिल्या पानाला हिचा आवाज थरथरत होता, कोणीतरी पाणी आणून दिलं. ती बाई पहिल्यांदा काठ सोडते तिथे लायब्ररीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मागच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती. आणि ही म्हणाली, मला वाटलं, अहो, आपल्याला हे येतं. इतकी वर्षं आपल्याला हे येत होतं.

मी एकही शब्द सुटू दिला नाही. डोळे मिटून घेतले होते. ओठ घट्ट दाबून धरले होते. एकदाही हं नाही! वीस मिनिटं! मान मात्र हलवत होतो, पुन्हा पुन्हा.

मग ही म्हणाली, ऐकताय ना?

मी मान हलवली.

ही म्हणाली, हॅलो?

मी आणखी जोरात हलवली.

मग हिचा आवाज लांब गेला. माझ्याशी नाही, लेकीशी बोलत होती. म्हणाली, उठून गेले वाटतं. आणि फोन बंद झाला.

५.२५

लगेच लावला. एंगेज. ही मलाच लावत असणार. दोघांनी एकदम लावला की असं होतं.

५.३२

पुन्हा एंगेज. चूक माझीच. मी लावत राहिलो तर तिला लागणार कसा? आता मी हात लावणार नाही. फोन समोर टेबलावर ठेवलाय, आवाज मोठा करून.

६.१०

ठेवलेलाच आहे.