पावणेचार हजार संदर्भ

मोताळा,
२४ सप्टेंबर २०२५

चि. गजेंद्र यास,
अर्जुनरावाचे अ. उ. आ.

येथील सर्व क्षेम, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. काल तुझ्या बापाला असा धक्का बसला की दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून मी सलूनातून उठून घरी आलो.

झालं असं, न्हावी साबण लावून वस्तरा घासत होता, तोवर पेपर चाळत होतो, तर आतल्या पानावर तुझा फोटो! वर मथळा, ‘मोताळ्याच्या भौतिकशास्त्रज्ञाची दम्याच्या संशोधनावर छाप’. खाली लिहिलं होतं की तुझे एकवीस शोधनिबंध आहेत, त्यातल्या एकट्याला जगभरातून पावणेचार हजार संदर्भ मिळाले, आणि त्यातले निम्म्याच्या वर दम्याच्या डॉक्टरांचे आहेत. मले वाटलं दुसरा कोणी गजेंद्र असेल. पण फोटो तुझाच, कपाळावरची खोकसुद्धा तुझीच.

अरे, तुझी आई इतकी वर्षं दम्यानं बेजार आहे. पावसाळा लागला की तिची अर्धी रात्र बसून जाते. आन् तिचा पोरगा साऱ्या दुनियेले दम्याचं शिकवून राह्यला, आन् आमाले पेपरातून समजते! काऊन बे नाही सांगितलं? आम्ही विचारलं की तू म्हणायचा, मी पुडीवर काम करतो. मग आपला जडीबुटीवाला शेषराव विचारे, मैद्याच्या का बेसनाच्या, आन् आम्ही हसत बसायचो. आता मीच तोंडात बोट घालून बसलो आहे.

आईनं ते कात्रण देवघरात ठेवलं. दिवसभर वांग्याच्या तोडणीत तिचं ध्यान नव्हतं, कच्ची वांगीसुद्धा तोडली.

दुसरं म्हणजे, शेषराव दर कोजागिरीला दम्याच्या लोकांना खिरीतून जडीबुटी देतो हे तुले ठाऊकच आहे. पार बीबी गावापासून लोक येतात. काल तो पेपर घेऊन घरी आला आणि म्हणाला, अर्जुनराव, यंदा फ्लेक्सवर गजेंद्रचं नाव टाकू द्या, गावाचा मान आहे. मी हो म्हणून टाकलं. पावणेचार हजार डॉक्टरांनी ज्याची साक्ष दिली त्याचं नाव चांगल्या कामावर असलं तर बिघडलं काय? फोटो तुझ्या राखीताईच्या लग्नातला दिला आहे, फेटा बांधलेला. त्यात तू बरा दिसतो.

फोनवर मले धड ऐकू येत नाही, तेव्हा सविस्तर पत्रच लिही. बापावर लोभ आहे तेवढा असू दे, वरून थोडा खुलासाही येऊ दे.

तुझा,
बाबा

---

बंगळुरू,
३० सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
गजेंद्रचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. लगेच फोन केला, तर तुम्ही ‘हाव हाव, कोजागिरीले ये’ म्हणून ठेवून दिलात. आईला सांगायला गेलो, तर ती जेवलास का याच्या पुढे सरकेना. राखीताईला सांगितलं आहे की कसंही करून तो फ्लेक्स थांबव. तरी हे पत्र मिळताच पहिलं काम ते करा.

बाबा, मी डॉक्टर नाही हो! मी आजवर एकाही रोग्याला हात लावलेला नाही. दम्यावरचं कुठलंही औषध मी शोधलेलं नाही, आणि शेषरावकाकांच्या मुळीशी तर माझा काडीचा संबंध नाही. पेपरवाल्यानं मला न विचारताच छापलं.

संदर्भ म्हणजे साक्ष नव्हे. एखाद्यानं आपल्या लेखात ‘गजेंद्र असं म्हणतो’ एवढं लिहिलं की झाला एक संदर्भ. ‘गजेंद्र म्हणतो ते चुकीचं आहे’ असं लिहिलं तरी तोही एकच मोजतात, आणि असे बरेच आहेत. बाकीच्या वीस निबंधांचं तर विचारूच नका. त्यातल्या एकाचा संदर्भ आजवर फक्त मीच दिला आहे.

तो एक निबंध कसा चालला ते सांगतो. अगदी बारीक पुडीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. ते हवेच्या झोतानं सुटे कसे होतात, याचं गणित मी मांडलं. माझ्या डोक्यात दमा नव्हताच, मी सिमेंटचा विचार करत होतो. पुढे दम्याचे पुडीचे पंप, म्हणजे इनहेलर, बनवणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. पंपातली पूड घशातच चिकटून न राहता छातीत खोल जावी, म्हणून ते तेच गणित वापरतात. आई जो पंप ओढते तोही त्याच जातीचा. एवढंच माझं त्यात.

पण हे फ्लेक्सवर लिहिण्यासारखं नाही. नाव खोडा, फोटो काढा, आणि पंप घेणाऱ्या कोणीही खिरीच्या भरवशावर पंप सोडू नये असं शेषरावकाकांना बजावून सांगा. मी हात जोडतो.

रागावून लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपला,
गजेंद्र

---

मलकापूर,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. गजूस,
ताईचे आशीर्वाद. बंगळुरूला पोचलास ते कळलं. इकडे आईचा ऑक्सिजन काढला, उद्या दवाखान्यातून सोडतील आणि बाबा तिला मोताळ्याला नेतील. तेव्हा आधी श्वास घे आणि मग पुढचं वाच.

तू दवाखान्यात विचारलंस की एवढा अटॅक एकदम कसा आला, आणि मी म्हटलं हवा बदलली. खोटं बोलले. आईनं मला गळ्याची शपथ घातली होती. पण हे पोटात ठेवून मला चार दिवस झोप नाही. शपथ गेली खड्ड्यात.

तुझा फोन आल्यावर मी बाबांशी भांडले. ते म्हणाले, फ्लेक्स छापून झाला, नावानं काय कोणाचं वाईट होते. तुझं पत्र मधल्या सुट्ट्यांत अडकलं, ते कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. फ्लेक्स मी डोळ्यांनी पाहिला. तुझा फेट्यातला फोटो आणि खाली, ‘पावणेचार हजार डॉक्टरांनी मान्य केलेले’. अरे देवा, मला हसावं का रडावं कळेना!

आईनं आजवर शेषरावकाकांची खीर कधी चाखलीसुद्धा नव्हती. चेष्टाच करायची त्यांची. यंदा ती रांगेत सर्वांत पुढे. पहाटे द्रोणभर खीर खाऊन घरी आली, पंप जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळला आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दडपून ठेवला. शेजारच्या तानुबाईंना म्हणाली, माह्या गजाचं औषध पोटात गेलं, आता याचं काय काम. तिचं पाहून त्यांनी आपलाही पंप बंद केला.

आता खरी गोष्ट ऐक. त्याच दिवशी दुपारपासून तिला धाप लागली होती. ना ती धाप, ना सोडलेला पंप, काहीच तिनं बाबांना कळू दिलं नाही. बाबा समोर आले की पदर तोंडाला लावून चुलीकडे तोंड करायची. का, तर लोक म्हणतील गजाच्या औषधानं काही झालं नाही. तुझं नाव खराब होईल म्हणून गजू, ती दीड दिवस तशीच बसून राहिली. ओठ निळे पडले तेव्हा बाबांना समजलं. गाडीत घालून मलकापूरला आणेपर्यंत मला वाटलं, गेली आपली आई.

तुला दोष देत नाही. बाबांनाही द्यायचा नाही, ते आधीच खचले आहेत. पण तुला हे माहीत असायला हवं.

शपथ मोडल्याचं आईला कळू देऊ नकोस. बहिणीवरची माया अशीच राहू दे.

तुझी,
ताई

---

मोताळा,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. गजेंद्र यास,
अ. आ.

थोडक्यात लिहितो. आठवडी बाजारात शेषरावचाच माइक घेऊन मी उभा राहिलो आणि सांगितलं की फ्लेक्सवरचं खोटं होतं, त्याला हो मीच म्हटलं होतं, खिरीतलं औषध माझ्या पोराचं नाही, ज्यांनी पंप सोडला त्यांनी आजच्या आज सुरू करा. लोक आधी हसले. शेषराव चिडेल वाटलं, पण त्यानंच विळ्यानं फ्लेक्स कापला. तुझ्या आईचे निळे ओठ त्यानंही पाहिले होते.

पण तानुबाई पुढे आली आणि म्हणाली, परवा म्हणत होते खीर खरी, आज म्हणता पंप खरा. मग तुमच्या पोरानं केलं तरी काय? मले सांगता नाही आलं, गजेंद्र. पत्र वाचलं होतं, समजल्यासारखंही वाटलं होतं, पण चारचौघांत सिमेंटपासून सुरुवात केली आणि पंपापर्यंत पोचलोच नाही. तानुबाईनं अजून पंप हाती घेतला नाही.

घरी येऊन तुझं पत्र आईला पहिल्यांदा वाचून दाखवलं. पंपाचं आलं तेव्हा तिनं तेवढंच पुन्हा वाचायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. दोन दिवस ते पत्र तिनं उशाशी ठेवलं. आज तिनं कागद मागितला. तिचं सोबत जोडलं आहे. मी ते वाचलेलं नाही.

तुझा,
बाबा

---

चि. गजाले,
आईचे आशीर्वाद. जेवत जा येळेवर.

मी आता बरी हावो. पंप सकाळ-संध्याकाळ घेऊन राह्यली. राखीनं तुले सारं लिहिलं अशीन, तिच्या पोटात काही राहत नाही. तिले बोलू नको.

गजा, तुह्या बाबानं तुहं पत्र वाचून दाखवलं. त्या पंपात तुही मेहनत हाये म्हंते. रे बाप्पा! थो पंप रोज माह्या उशाखाली होता. रोज तोंडाले लावत होती आन् त्याच्या नावानं बोटं मोडत होती, का मले याची सवय लागली म्हणून. आन् तुहं औषध समजून मी शेषरावभाऊची खीर खाल्ली, आन् तुहं खरं काम डाळीच्या डब्यात दडपून ठेवलं. याच्यावर हसू का रडू, तूच सांग.

मले तुहा राग आला हाये. दवाखान्यात तू तीन दिवस माह्याजवळ बसला. मोसंबी सोलून देल्ली. थो पंप तूच माह्या तोंडाले लावला, म्हणे आई, जोरानं ओढ. तवा तरी सांगायचं ना. तुले वाटलं अशीन, आईले काय समजते. बाबा हसत होते पुडीवरून, तेही मले ठाऊक हाये, मीबी हसत होती. पण हसणारी माय वेगळी आन् इचारणारी माय वेगळी. तू इचारू कुठं देल्लं?

पावणेचार हजार लोकाईनं तुहं लिहिलेलं वाचलं म्हंते. त्याच्यात तुही माय नाही. मी सातवी शिकली हावो, मले वाचता येते. तू मले समजीन असं एक लिही. मोठं नको लिहू. पूड काऊन चिकटते, थे कशी सुटते, आन् छातीत जाऊन काय करते, एवढंच लिही. तुह्या बाबाले समजावून सांगता येत नाही, मी सांगीन.

मी तानुबाईले वाचून दाखवणार हावो. थे म्हंते, गजानं सोता लिहून धाडलं तं पंप घेईन, दुसऱ्या कोणाचं आयकत नाही. या कागदाचा फोटो मोबाइलवर धाडून राह्यली, थो पाहताच आधी फोन करून तिच्याशी बोल, मंग सावकाश लिही. सकाळपासून तिले धाप लागून राह्यली.

तुही,
आई