मोटरसायकल बंद होती तेव्हा

१ डिसेंबर १९६३, रविवार
आजपासून रोजनिशी. मनात विचार फार येतात. सांगाले कोणी नाही असं नाही, मीच सांगत नाही.

काल मोटरसायकल घेतली. सेकंडहँड. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची, हिरव्या रंगाची. होळीपासून मरोद्याच्या ह्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरात राहून राहिलो, पण क्वार्टराच्या लाइनीत कोणाशी उठबस नाही. बरंच आहे. ज्याले मान्सं लागतात तो कमजोर.

आता डोंगरगड, राजनांदगाव, बोरसीचा मामेभाऊ, सगळं हातात आलं. संकल्प: पहाटे पाचले उठणे. प्लांटमधल्या रशियन साहेबाइची भाषा शिकणे. घरात मोठ्यानं स्वतःशी न बोलणे.

२ डिसेंबर
सातले उठलो. गाडी सुरू झाली नाही. किका मारून मारून थंडीत घाम फुटला. कामावर, प्लांटच्या स्टोअर्समध्ये, सायकलनंच गेलो. हेडक्लार्कले सांगितलं, पेट्रोल वाचवून राहिलो.

संध्याकाळी अंगणात पुन्हा किका मारत होतो तर शेजारचा केवलराम भिंतीवरून डोकावला. कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर आहे. आजवर नुसती मान हलवणारा माणूस. म्हणे, काय झालं गा शालिकभाऊ? माझं नाव त्याले माहीत आहे हे मले माहीत नव्हतं. आत येऊन त्यानं टाकीले कान लावला अन् सांगितलं, गॅस पास होऊन नाही राहिला. मंग समोरचा चंपत आला, रोलिंग मिलचा. तो म्हणे, चाकाची अलाइनमेंट गेली. गाडी सुरूच होत नाही त्यात चाकाचा काय संबंध? पॉवर हाऊसचा बाबुलाल हिंदीत म्हणे, करंट देखो. ज्याचं जे खातं, त्याचा तो रोग.

केवलरामची बायको बेबीताई चहा घेऊन आली. सगळे उकिडवे बसून प्याले. अंधार पडेपर्यंत कोणी हललं नाही. डोकं उठलं नुसतं. उद्या स्पष्ट सांगणार, माह्या अंगणात गर्दी करू नका.

३ डिसेंबर
सांगितलं नाही. केवलराम स्वतःचा पाना घेऊन आला होता. पाना घेऊन आलेल्या माणसाले कसं हाकलावं?

५ डिसेंबर
रोग सापडला! सगळे गेल्यावर अंधारात एक किक मारली, तर प्लगच्या टोपीतून निळी ठिणगी बाहेर उडाली. टोपीले बारीक फट आहे. करंट प्लगमध्ये न जाता फटीतून इंजिनवर पळते. म्हणजे एवढी अंगठ्याएवढी टोपी बदलली की काम झालं. दुर्गच्या दुकानात सहज मिळते.

आपलं डोकं टेक्निकल आहे हे मी आधीपासून म्हणतो.

पण एका ठिणगीवरून निकाल देणं सायंटिफिक नाही. अजून ऑब्झर्वेशन पाहिजे. म्हणून तूर्त कोणाले बोललो नाही.

७ डिसेंबर
आज कमाल झाली. चंपतची सेकंड शिफ्ट होती, म्हणून जाता जाता त्यानं माही गाडी केवलरामले रीतसर हँडओव्हर केली, प्लांटमधली मशीन करतात तशी. भिंतीवर खडूनं लिहून गेला: कार्बोरेटर चेक, ओके. मॅग्नेटो पाहणे. भिंत माही, विचारलं कोणी? आता फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळी येतात, सेकंडवाले सकाळी. अंगणात सदानकदा कोणीतरी असतेच.

बेबीताईनं विचारलं, भाऊ तुम्ही एकटेच काय खाता? मी म्हटलं, डाएटवर आहो. तिनं वांग्याची भाजी अन् भाकरी आणून ठेवली. डाएट उद्यापासून.

रशियन झाली नाही. वेळच मिळत नाही ह्या लोकाईमुळे.

१० डिसेंबर
दुर्गले जाऊन नवी टोपी आणली. खिशात आहे. पण आज केवलराम टाकी खोलणार होता, मोठ्या हौसेनं कंदील घेऊन आला होता. त्याचं मन मोडणं बरं नाही. टोपी रविवारी बसवू. उशीर मी माह्यासाठी थोडीच करून राहिलो, त्याइच्यासाठी करून राहिलो.

चंपत म्हणे, एखाद्या रशियन साहेबाले बोलावू. खूप हसलो सगळे. मी इतका हसलो की ठसका लागला. बाबुलालनं पाठीवर थापट्या मारल्या. पाठीवर कोणी हात ठेवून किती दिवस झाले, आठवून पाह्यलं. आठवलं नाही. असो.

१५ डिसेंबर, रविवार
टोपी बसवायचं आज पक्कं ठरवलं होतं. पण सकाळपासूनच सगळे जमले, म्हणून म्हटलं पुढच्या रविवारी.

तेवढ्यात बाबुलालनं वायरले हात लावला अन् चंपतनं किक मारली. बाबुलाल ओरडून मागं पडला. शॉक! मंग हसतच त्यानं टोपी उजेडात धरली अन् फट दाखवली. म्हणे, फटीत दव बसते, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुरू होत नाही. नवी टोपी कुठं मिळन? मी म्हटलं, दुर्गले नाही मिळत. रायपूरले नाही. कलकत्त्याहून मागवा लागन, महिना-दोन महिने लागतीन.

हे बोलता बोलता घाम पुसाले रुमाल काढला, अन् नवी टोपी टपकन केवलरामच्या पायाजवळ पडली.

मी मेलोच. पण केवलराम म्हणे, वा शालिकभाऊ, तुम्ही तर तयारच होते! सगळ्याइले वाटलं, मी आधीच कलकत्त्याहून मागवून ठेवली; कोणाले काही शंका आली नाही. फिरवून बसवली, पहिल्या किकले गाडी सुरू. टाळ्या झाल्या. चंपतनं भिंतीवरचं सगळं पुसून लिहिलं: जॉब क्लोज. अन् आपापला पाना घेऊन सगळे घरी गेले.

मोठा विजय. जुनी टोपी चुलीवरच्या फळीवर ठेवली, आठवण म्हणून.

१७ डिसेंबर
गाडीनं बोरसीले गेलो. मामेभावाच्या घराले कुलूप. शेजारीण म्हणे, तो तर दसऱ्यालेच नागपूरले गेला. मले कळवाले विसरला असन. येताना उगाच कॅम्प-१ च्या बाजारातून चक्कर मारली. हॉर्न वाजवला. कोणी ओळखीचं नव्हतं.

संध्याकाळी शांतता. किती बरं वाटते! पहाटे पाचले उठणे आता सोपं आहे, कारण सातले झोपलो तरी चालते.

१८ डिसेंबर
केवलराम सायकलवर दिसला. मान हलवली. बेबीताईचं दार थंडीमुळे लागलेलं असते. रशियनचं पुस्तक उघडलं. "नमस्कार" मोठ्यानं म्हणून पाह्यलं. उत्तर कोण देणार, म्हणून तेही मीच दिलं.

१९ डिसेंबर
खूप विचार केला. ही नवी टोपी दिसाले चांगली आहे, पण ओरिजिनल ते ओरिजिनल. टेस्टिंगसाठी म्हणून जुनी टोपी पुन्हा लावून पाहणे आवश्यक आहे. शुद्ध टेक्निकल निर्णय. टेस्टिंग उद्या संध्याकाळी, केवलराम शिफ्टवरून येते तेव्हा. योगायोग.

बाजारातून सहा कप-बश्या आणल्या. घरात असलेल्या बऱ्या.

२० डिसेंबर, संध्याकाळ
कप धुऊन ठेवले. दूध चुलीवर ठेवलं. अंगण झाडलं, बसाले गोणपाटाचे बोरे अंथरले. खडूचा एक तुकडा भिंतीजवळ ठेवला. फळीवरची टोपी काढून बसवली. केवलरामच्या सायकलची घंटी ऐकू आली, तशी सगळ्या लाइनीले ऐकू जाईल अशी किक मारली.

पहिल्याच किकले सुरू झाली.

चुलीजवळ राहून टोपी खडखडीत वाळली असन. बंद केली. पुन्हा किक मारली. पुन्हा सुरू. केवलराम सायकलवरून उतरत म्हणाला, एकदम फर्स्टक्लास गाडी झाली शालिकभाऊ, आता काही पाहाचं काम नाही. आत गेला. बेबीताईनं दार लावलं.

मी गाडीले हळूच म्हटलं, बंद पड ना माय. एक डाव बंद पड. मले लय एकटं वाटून राहिलं.

ती चालतच राहिली. शेवटी मीच बंद केली. आत येऊन पाह्यलं तर दूध उतू गेलं होतं.