लाल तळ्यावरचा नातू

लाल तळं, १४ जानेवारी

ताई,

तू, आपला म्हातारा बाप ताता आणि लामांचा कळप खुशाल असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. नाकाचं सालपट निघालंय, कारण इथं ऊन वरून कमी आणि मिठावरून जास्त लागतं. टाकणखार खणायचं काम अजून टिकलंय. हसू नकोस! जीप धुणं सोडलं, खाण सोडली, पण हे टिकलंय.

आता बातमी. तळं नुसतं पेटलंय गं! दुपारी वारा सुटला की पाणी ढवळून लालभडक होतं, मध्ये पांढरी खारबेटं आणि त्यांवर परीना, ट्रकवाले ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात त्या. यंदा इतक्या उतरल्यात की किनाराच गुलाबी झालाय. वाकड्या चोची उलट्या बुडवून दिवसभर चरतात, आणि कलकलाट असा की लग्नघर झक मारेल. विकुन्यांचे, लामांच्या त्या रानभावंडांचे, कळप पाण्यापर्यंत येतात. कोल्हा रोज अंड्यांच्या आशेनं निघतो, खारचिखलात रुततो आणि आम्हालाच शिव्या दिल्यासारखा भुंकून परत जातो.

आमची स्वयंपाकीण पेत्रोना मावशी म्हणते, "तू फावडं मारायला आलायस की पाखरं बघायला? मुकादम एक दिवस तुला मिठात घालून वाळवेल."

मी म्हटलं, "मग रश्श्यात घाल मला."

"नको रे बाबा, चिवट निघशील."

ताताचा निरोप ट्रकवाल्यानं पोचवला. त्याबद्दल सांगतो, पण आधी आजचं ऐक.

पहाटे बेटावर गेलो. गोठलेलं मीठ पायाखाली करकरत होतं. चिखलाची घरटी, पालथ्या मडक्यांसारखी, आणि एकेकीवर एकच अंडं. मला बघून परीना उठून लांब झाल्या. मी एक अंडं उचलून टोपीत ठेवलं. कशाला, ते तुला ठाऊकच आहे. "खोकल्यावर परीनाचं कच्चं अंडं. ते येऊ दे, मग न्या तुमच्या डॉक्टरकडे," असाच ना ताताचा निरोप?

आणि ताई, अंडं बोललं!

आतून चिवचिव. उलटं करून बघतो तर टवका उडालेला आणि भोकातून इवलीशी चोच. ठेवून द्यावं म्हटलं तर हात हलेना. मी तिथंच मिठावर बसलो, टोपी पोटाशी धरून. ऊन चढलं तसं कवच फुटलं आणि ओलं, राखाडी, सरळ चोचीचं एक ध्यान माझ्या तळहातावर पडलं. ओरडलं ते थेट माझ्या तोंडावर! मीही ओरडलो.

त्याला परत घरट्यावर ठेवलं आणि लांब जाऊन पालथा पडलो. आई आली. मान वाकवली, आणि तिच्या चोचीतून लाल धार निघाली. ताताचा तो रुमाल आठवला, जो तू चुलीमागे लपवतेस. मला माहीत आहे, ताई. पण ते रक्त नव्हतं. ते दूध होतं. परीनाचं दूध लाल असतं! पिल्लू घटाघटा पीत होतं.

तेव्हाच मी उठलो आणि ठरवलं, घरी यायचं.

हे ताताला मोठ्यानं वाचून दाखव: आपल्याकडे ज्याच्या हातात जीव जन्मतो तो त्याचा धर्मबाप, आणि धर्मबापाच्या घरी तो जीव कोणी खात नाही. तूच, ताता, तुझ्या हातात जन्मलेल्या त्या लंगड्या लामाला म्हातारी होऊन मरू दिलंस, सगळा गाव हसला तरी. मग हा तुझा नातू झाला. आजोबा नातवाला खातात का? धर्मलेकराला बांधतात ती लाल लोकर त्याच्या पायाला नाही बांधली, पाय काडीएवढा आहे. माझ्याच टोपीला बांधली.

आणि तुझी अट होती, अंडं आलं की डॉक्टर. अंडं आलं, ताता. फक्त माझ्या हातात आल्यावर त्याला पाय फुटले. आता शब्द पाळ.

ताई, गुरुवारच्या मिठाच्या ट्रकनं मी निघतोय. मोठ्या खारपठारावर पाणी साचून आरसा झालाय, आभाळावरून गाडी हाकल्यासारखं होतं, पण ड्रायव्हर म्हणतो मधलं मीठ अजून घट्ट आहे. मुकादम म्हणाला, "गेलास तर परत येऊ नकोस." बघू. ताताचं जाड घोंगडं बाहेर काढून ठेव, आणि तो रुमालही. डॉक्टरला दाखवायचाय. ताता चालायला नाही म्हणाला तर पाठीवर घेईन.

एका ओरडणाऱ्या पिल्लाचा बाप, आणि एका हट्टी म्हाताऱ्याचा त्याहून हट्टी मुलगा,

निकासियो