कोमट पाण्यातला घास

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आपल्या वेंडेलचा तो वीतभर सापही काल पहिल्यांदा जेवला. "हे ध्यान माझ्या डोळ्यांसमोर नको," म्हणत दफनानंतर तू माझ्याबरोबर टूसॉनला धाडलास, तोच.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या, फ्रीजरमधल्या उंदराच्या पिल्लाकडे तो ढुंकूनही बघेना. दुकानातली बाई हसली. "अगं, गार लागलं की मेलेलं समजून सोडून देतो. कोमट पाण्यात ठेव आधी, जिवंत वाटलं पाहिजे त्याला." तसं केलं, चिमट्यात धरलं, आणि त्याने झडप घातली.

शवपेटीपाशी तू वेंडेलचे, तुझ्या लेकाचे, हात चोळत बसली होतीस. मावशी सारखी म्हणत होती, "आयरीन, पुरे आता." तू का थांबत नव्हतीस, ते काल पाण्यात बोट बुडवून बघताना मला कळलं.

तिकडे बर्फ पडत असेल. हातमोजे घालतेस ना?

तुझीच,
कॉरिन