पमी, इथून पुढे वाचू नकोस

मु. वडगाव, पो. धामणगाव बढे
रविवार, १९ एप्रिल १९६४

तीर्थस्वरूप अक्कांस,

धाकट्या जावेचा, पुष्पाचा, शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांगा. मी इकडे खुशाल आहे. तुमची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा. शेक घेत नसाल, हे मला इथे बसून ठाऊक आहे.

पत्राला उशीर झाला. परीक्षा तोंडावर आली आहे, उन्हामुळे शाळा सकाळची झाली आहे आणि आमचे हेडमास्तर उत्तमराव लेकीच्या लग्नासाठी रजेवर गेले आहेत. चारही वर्ग माझ्या गळ्यात. एका वर्गाला पाढे म्हणायला लावते, दुसऱ्याला शुद्धलेखन घालते, चौथीला गणितं देते आणि पहिलीला नुसतं गप्प बसवते. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड.

भाऊजी शेतात असले की आलेलं पत्र पमीच तुम्हाला वाचून दाखवते, असं तुम्ही कळवलं होतंत. म्हणजे हेही तीच वाचत असणार. पमे, सावकाश वाच. तिसरीतल्या मुलीने आता शब्दाखाली बोट धरू नये. अक्का मध्येच हसल्या तर थांब, त्यांना पोटभर हसू दे.

आमच्या शाळेत तुझ्याच वर्गाची चांगुणा नावाची मुलगी आहे. तिची आई मजुरीला जाते, म्हणून ही धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत येते. ती पाटीवर गणित सोडवते आणि भाऊ ते चाटून पुसतो. ती पुन्हा सोडवते. तरी तिचं उत्तर चुकत नाही. तुझ्याकडे तर चाटणारंही कोणी नाही, तेव्हा वजाबाकीत हातचा विसरायचं तुला काही कारण नाही.

आता पमी, इथून पुढे वाचू नकोस. पत्राची घडी घालून कोनाड्यात ठेव. संध्याकाळी काका आले की त्यांना दे. तू खेळायला जा. बाईंचा हुकूम समज.

भाऊजी, आता तुम्ही वाचत असाल. अक्कांना जवळ बसवून घ्या.

तुमची चिठ्ठी मिळाली. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, पमीला आमच्या ओटीत घाल, चार माणसांदेखत रीतसर दत्तक दे, असं तुम्ही लिहिलंत. आता कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते, हेही लिहिलंत. वाचून मला राग आला नाही. रडू मात्र आलं.

अक्का, हे गेले तेव्हा पमी नुकती पावलं टाकायला लागली होती. विधवा सुनेला मास्तरणीच्या ट्रेनिंगला बुलढाण्याला पाठवायचं म्हटल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा तुम्हीच पुढे झालात. "जाय वं पुष्पे, शिकून ये. पोरीचा घोर नको करू, माह्या कुशीत झोपन ते," म्हणालात. आणि खरंच पमी तुमच्या कुशीत झोपली, ती आजपर्यंत. मी चार पोरांना चार अक्षरं शिकवते आहे ती तुमच्या त्या शब्दामुळे. हे मी विसरले तर माणूस म्हणवून घ्यायला नको.

दिवाळीला मी जळगाव जामोदला आले, तेव्हा शेजारच्या पोरीने विचारलं, "कोन आलं वं तुमच्या घरी?" पमी म्हणाली, "बाई आल्या." तुम्ही तिला रागावलात, "आई म्हन तिले!" मी म्हटलं, राहू द्या. आणि मागच्या अंगणात जाऊन उगाच तोंड धुतलं. तुम्हाला ते कळलं होतं, कारण तुम्ही पदर पुढे केलात.

म्हणून तुमची चिठ्ठी आली तेव्हा मी 'हो' लिहायलाच बसले होते. लेकराला जिथे आई आहे तिथे ते राहावं, असं मनाला समजावत होते. मग मधेच चांगुणाचं निघालं. परीक्षा झाली की तिचं नाव शाळेतून काढायचं तिच्या आईने ठरवलं होतं. मी तिच्या घरी गेले. तिची आई, पंचफुला, भाकरी थापत होती. मी नेहमीचं सगळं बोलले: पोर हुशार आहे, तिचं कल्याण होईल. तिने ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली, "बाई, येक इचारू? राग नका येऊ देऊ. लोकाईच्या पोरी शाळेत धाडा म्हनून तुमी दारोदार फिरून राह्यल्या. मंग तुमची सोताची पोर कोठी हाय? ते तुमच्या शाळेत काऊन नाई बसत?"

मी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले. 

घरी येऊन तुमची चिठ्ठी पुन्हा काढली. उपकाराची फेड म्हणून मी लेक द्यायला निघाले होते. खरं तर मी भ्याले होते. इथे आल्यावर "आईकडे जायचं" म्हणून पमी रडली तर तिला काय सांगू, याचीच धास्ती होती.

अक्का, मी पमीला दत्तक देणार नाही. तुमच्या जिवाला किती लागेल ते मला कळतं, तरी स्पष्ट लिहिते. मला माझी लेक हवी आहे. सुटी संपून शाळा उघडली की ती माझ्या शाळेत चौथीत बसेल. पंचफुलाला मी तसं सांगून आले. ती म्हणाली, "मंग माही बी बसन. दोघी संगं."

पण तुमच्या हातून ओढून न्यायचं बळ माझ्यात नाही. मी नवी नवरी होते तेव्हाची एक आखाजी आठवते. गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या होत्या आणि तुम्ही दाराशी उभ्या राहून त्यांच्या दमण्या, त्या छपराच्या बैलगाड्या, पाहत होतात. तुमच्या माहेरी तेव्हाच कोणी उरलं नव्हतं. यंदा आखाजीला तुम्ही माझ्याकडे या, पमीला घेऊन. शाळेच्या कडुलिंबाला झोका बांधून ठेवते. तिला या खोलीची सवय होईपर्यंत राहा, भाऊजींनी तेवढे दिवस हाताने भाकरी थापाव्यात. आणि जाताना तिचं बोट तुम्हीच माझ्या हातात द्या.

ती तुम्हाला आई म्हणते ते तसंच राहू द्या. शाळेत मी तिची बाईच असणार. घरी काय म्हणायचं ते तिचं तिला ठरवू द्या, मला घाई नाही. घाई नाही असं लिहिलं खरं, पण आहे.

आता पमीला हाक मारा. शेवटचं तिला वाचू द्या.

पमे, आखाजीला तुझ्या आईला घेऊन इकडे ये. येताना पाटी आण. चांगुणाने तुला आपल्या शेजारी बसवायचं ठरवलं आहे, तेव्हा तिच्या भावापासून पाटी सांभाळ. आणि पुढच्या वर्षीपासून दर आखाजीला तू जळगावला जायचंस, मोठ्या लेकी जातात तशी. तुझं माहेर तिथेच आहे, तुझ्या आईकडे.

वाट पाहते.

तुझी

(इथली जागा मोकळी ठेवली आहे. आलीस की तुझ्या अक्षरात भर.)