कुणाला वाचता न येणारी वही

मॅडम, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, पण तुम्ही तेव्हा किती घाबरला होतात हे मला आत्ता कुठे कळतंय. दोन हजारनंतरची ती वर्षं, इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका गोदामात उभारलेला टीव्ही मालिकेचा सेट, सेटवर खोटं स्वयंपाकघर, आणि मी तुमचे कपडे सांभाळणारी. जर्मनीत तुम्ही ऐन विशीत सिनेमाची नायिका होतात. इथे आल्यावर मात्र, तुमच्याच शब्दांत, "तीस वर्षं एक तर तुरुंगातली पहारेकरीण, नाहीतर रडकी विधवा." या मालिकेत पहिल्यांदाच धड आजी मिळाली होती, हसणारी, केक करणारी. आणि नेमके तेव्हाच शब्द निसटायला लागले. मी एप्रनची गाठ मारतेय आणि तुम्ही पुटपुटता, "काय विसरते ते लिहून ठेव. कळलं तर काढून टाकतील." मी चुकलेली वाक्यं वहीत देवनागरीत लिहिते, म्हणजे कुणाला वाचता येऊ नयेत, आणि सकाळी मेकअपआधी आपण दोघी ती घोकतो.

एकदा डिरेक्टरनं ती वही उचलली. "हे काय?" मी म्हटलं, "शॉपिंग लिस्ट." पानं चाळत तो म्हणाला, "बरंच सामान लागतं तुला," आणि वही परत दिली. मी ती घाईघाईनं कपड्यांखाली सरकवली. तुम्ही मात्र दार लावून मला झापलंत. "खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. जमिनीकडे काय बघतेस?" शेवटचा भाग सुखरूप पार पडला, कुणाला काही कळलं नाही. वर्षभरानं भेटायला आले, तेव्हा तुम्ही मलाच ओळखलं नाहीत.

गेल्या महिन्यात मी पुन्हा वही केली. गॅस बंद केला का. शेजारणीचं नाव. घरी यायची बस. हे पत्रही त्याच वहीत लिहितेय, नाहीतरी तुम्हाला देवनागरी येत नव्हतीच. काल लेकीनं वही उचलली. तिचा जन्म कॉव्हेंट्रीचा, मराठी मोडकंतोडकं बोलते, पण तिलाही वाचता येत नाही. "मम्मी, हा काय लिहिलाय एवढा?"

"शॉपिंग लिस्ट," मी म्हटलं, थेट तिच्या डोळ्यांत बघून. तिला लगेच पटलं. खरं सांगू, तिला ते पटू नये असं मला फार वाटत होतं.