पणजोबांची लोखंडी टोपी

तोंडवली,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सलोनी वहिनी,

नमस्कार. विजयदुर्गला तुझी आई बरी असेल. इथे आबांचा गुडघा सुजलेलाच आहे.

तू दिलेलं निळं हेल्मेट डोक्यावर असतं तर दादा वाचला असता का? आठ महिने होत आले, मी हेच विचारते आहे. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

तरी लिहायला बसले. बाराव्याला तू ते हेल्मेट ओसरीवर ठेवलंस नि म्हणालीस, "माझां हेल्मेट तेंका नको झालां. लोखंडी टोपी व्हयी झाली." आणि माहेरी गेलीस. मी तिथेच पानं वाढत होते. वाढतच राहिले.

सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत दादाने पणजोबांची लोखंडी टोपी घालून मोटारसायकल चालवायची, ही माझी कल्पना. महायुद्धात आपले पणजोबा मोटारसायकलवरून लष्कराचे निरोप पोचवायचे, हे गावातल्या पोरांना कळावं असं मला मनापासून वाटत होतं. पत्रक मीच लिहिलं. त्यांच्यासारखीच बिनकडेची टोपी विमानातून उडी घेणारे सैनिकही घालत, हेसुद्धा शोधून लिहिलं. आबा मात्र दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर पणजोबांची ती टोपी पूजतात, खोबरेल चोळतात, चामड्याच्या पट्ट्यालाही. इतक्या वर्षांचं तेल पिऊन पट्टा लिबलिबीत झाला होता. ते मी पाहिलं नाही.

दादाने पाहिलं. "गो संचिता, ह्येचो पट्टो कुजलो आसा."

"पणजोबा गोळ्यांतून गेले, नि तुका बाजारापर्यंत जाऊक भीती वाटता?"

तो हसला. "शिकलेल्यांपुढे आमी काय बोलतलव, बाये!"

वहिनी, तो तुझंच हेल्मेट घालून आला होता. त्याने काढलं नाही. हनुवटीखालचं बकल मी सोडवलं. जुनी टोपी मी चढवली.

वळणावर टेम्पो आला. आधी टोपी रस्त्यावर पडली, मग दादा.

पोलिसांनी विचारलं तेव्हा "त्याच्याच हट्टाने घातली" असं मी सांगितलं. आबा शेजारी उभे होते. घरातली पहिली पदवीधर मी. मुलगा गेला, निदान माझ्याकडे बघून ते जगतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला सुटायचं होतं.

काल आबांना सगळं सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले. मला नणंद म्हणायचं की नाही, ते तू ठरव. माफी मागायला हे लिहीत नाही.

आज सकाळी मालवणला पोलीस ठाण्यात गेले. पहिला जबाब खोटा होता, असं लिहून दिलं आणि खाली सही केली.

संचिता